अक्कांचे मागे बांधलेले हात

मंगळवार, नवरात्राचा दुसरा दिवस. बीडमधलं अक्कांचं घर, सकाळचे साडेदहा. हजर: अक्कांचा मुलगा, सून, नांदूरघाटहून आलेले दोघे भाऊ, चार आशाताई आणि माझ्या देखरेखीखालच्या नऊ सिस्टरांपैकी आठ. गैरहजर: सारिका. आरोग्य सहायिकेच्या नोकरीत हजेरी घ्यायची सवय इतकी अंगात मुरली आहे, की अक्का समोर शेवटच्या निजलेल्या, अंत्यदर्शनाला माणसं जमलेली असतानाही मी माणसं मोजत होते. जिला अक्कांनी हाताला धरून उभं केलं, तीच आली नाही म्हणून रागही आला. तेवढ्यात तिचा फोन आला. "मॅडम, बाळंतपण चालू हाय. सोडून आले तर अक्का उठून बोलतील मला." मी विचारलं, बाई घाबरली नाही ना, अक्कांना बोलवा म्हणाली नाही ना? "न्हाई की. मीच पायजे म्हणली."

हे ऐकून मी का थक्क झाले, ते सांगायला हवं. सुमनअक्का माझ्याकडच्या एका उपकेंद्रातल्या परिचारिका. पोटावर नुसता हात ठेवून बाळाचं डोकं कुठे, पाठ कुठे सांगायच्या आणि ते चुकलेलं मी पाहिलं नाही. आसपासच्या गावांतल्या, ऊसतोडीच्या टोळीतून परतलेल्या, सगळ्या बायांना अक्काच हव्या असत. एकदा त्या पुतणीच्या लग्नाला दोन दिवस गेल्या. मागे नवी शिकून आलेली सिस्टर होती. एक बाई कळा घेऊन आली, सोबत सासू. "ह्या पोरीचा हात लावू देणार न्हाई, अक्का येऊ द्या," म्हणून दोघी ओट्यावर बसून राहिल्या. बीडला चला म्हटलं तर तेही नको. संध्याकाळी कशाबशा तयार झाल्या, तोवर बाळ पोटातच गेलं होतं... अक्का परतल्यावर मी म्हटलं, तुम्ही तर इथे नव्हता, तुमचा काय दोष? त्या म्हणाल्या, "नव्हते, तेच तर. मी नसले की इथं कुनीच न्हाई, हे मीच शिकवलंय लोकांना."

त्यानंतर अक्कांनी स्वतःचा एक नियम केला. नव्या सिस्टरची पहिली पाच बाळंतपणं तिनेच करायची. अक्का खोलीत उभ्या राहणार, पण हात मागे बांधून. खरोखर बांधून! आशाताईंकडून ओढणीची गाठ मारून घ्यायच्या. सारिकाच्या पहिल्या वेळी मी हजर होते. कळा सोसणारी बाईसुद्धा चक्रावली. "अक्का, हात कावून बांधले वो?"

"लई आगाऊ हायेत. ह्या पोरीला काय करूच देत न्हाईत."

बाई त्या कळेतही हसली. मग मूल झालं, पण रडलं नाही. सारिकाने पुसलं, पाठ चोळली, तरी नाही. मी पुढे धावले, तर अक्कांनी कोपराने मला अडवलं. "मॅडम, तुमी लिवा." सारिकाने श्वास द्यायची पिशवी घेतली, तिचा मास्क बाळाच्या नाका-तोंडावर बसवला. अक्का जागच्या हलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "छाती वर येतीय का बघ." आली... आणि मग ते पोर असं रडलं की सासू दारातूनच ओरडली, "सिस्टर, तुमचं नाव काय वो?"

नंतर मी अक्कांवर चिडले. काही झालं असतं तर? त्यांनी वळून हात दाखवले. ओढणीचं टोक त्यांच्याच मुठीत होतं. एका झटक्यात सुटेल अशी गाठ. "मनात आकडे मोजत हुते. अजून पाच मोजले असते तर सोडलीच असती." तळव्यांवर नखं रुतल्याच्या खुणा होत्या. इतक्या हुशार हातांना गप्प ठेवायला केवढं बळ लागतं, ते त्या दिवशी मी पाहिलं. माझ्या नोकरीत मी पुष्कळ प्रशिक्षणं भरवली, चहापाण्यापासून प्रमाणपत्रांपर्यंत सगळं चोख. असं शिकवणं मात्र कुठल्याही वेळापत्रकात मला बसवता आलं नसतं.

वर्षभराने बाया दारात येऊन सारिकाचं नाव घेऊ लागल्या. अक्का मला म्हणाल्या, "मला कुनी इचारंना झालंय, मॅडम. लई बरं वाटायलंय."

आता दिवाळी झाली, टोळ्या निघाल्या. पोटुशा बायांपैकी काही मागे राहिल्या आहेत, आणि अक्कांच्या जागी निकिता आहे. अक्कांसमोर तिने दोन बाळंतपणं केली, तीन बाकी. सारिका आता दुसऱ्या उपकेंद्रात आहे, ते तिला सोडता येत नाही. निकिता रोज विचारते, "मॅडम, माझ्या मागं कोन उभं ऱ्हाणार?" मीही सिस्टर होते, पण मला धावायची सवय आहे, थांबायची नाही. तक्ता भरून झाला आहे: बाईचं नाव, गाव, अपेक्षित तारीख, सिस्टर निकिता. शेवटच्या, 'मागे कोण' या रकान्यात माझं नाव लिहायचं अजून राहिलं आहे.