बिजलीबाईचं चित्र

बोरी अरबच्या स्टँडसमोर गाळ्यांची एक रांग आहे. तिच्यात चपलांचं दुकान आणि कृषी केंद्र यांच्या मधोमध निकिता मुनेश्वरचं ऑनलाइन सेवा केंद्र होतं. होतं म्हणायचं, कारण आता ते तिथे नाही. का नाही, त्याचीच ही हकिगत.

सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, पोरांच्या स्कॉलरशिपा, नोकरीचे अर्ज, जे जे कागदावरून उठून पडद्यावर गेलं ते सगळं निकिताच्या हाताखालून जाई. प्रत्येक अर्जात एक रकाना हमखास येई: ईमेल. समोरचा माणूस डोकं खाजवे आणि म्हणे, "तुहाच टाक ना पोरी." निकिता केंद्राचा पत्ता टाकी. असं वर्षानुवर्षं चाललं आणि निम्म्या गावाचं, भोवतालच्या तांड्यांचं टपाल एकाच पेटीत पडू लागलं.

बाहेरून आलेला कुणी शहाणा विचारी, "प्रत्येकाला आपापला ईमेल का काढून देत नाही?" काढून दिले होते की. पासवर्ड विसरला की नवा पासवर्ड मोबाइलवर येई. मोबाइल घरात एकच, आणि तो ज्याच्या खिशात, ईमेल त्याचा. बायांचे ईमेल तर काढल्या दिवसापासून नवऱ्याच्या, सासऱ्याच्या, दिराच्या खिशात राहायला गेले.

म्हणून निकिताने अ‍ॅड-ऑन लिहायला घेतला. ब्राउझरला बाहेरून लावलेलं ठिगळच ते, पण कामाचं. दारव्ह्याच्या कॉलेजात शिकलेलं थोडं, बाकी पडत-झडत. दुपारी लाइट गेली की गिऱ्हाईक पांगे, मग ती लॅपटॉपच्या उरल्यासुरल्या बॅटरीवर बसे. आलेल्या मेलमधला अर्ज क्रमांक शोधायचा, केंद्रातल्या तक्त्याशी ताडायचा आणि मेलच्या शेजारी लाल पट्टीवर त्या माणसाचं नाव आणायचं. निरोप दिला की 'कळवलं' असं बटण दाबायचं. पट्टी हिरवी. विषय संपला.

तिचा कॉलेजातला मित्र अक्षय पुण्यात अशाच वस्तू बनवणाऱ्या कंपनीत होता. तिने त्याला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. तो बराच वेळ हसला.

"अवं, लोकं हे कायले बनवतात? इनबॉक्स रिकामा कराले. तू त उलटं भरून राह्यली."

"माहा इनबॉक्स रिकामा झाला त अर्धं गाव बुडंन."

"मार्केटमधी कोणी घेणार नाई, सांगून ठेवतो."

"तुह्या मार्केटले इचारलं कोणी? आमचा बाजार आठवड्याले भरते. तठी घेतात लोकं."

चाचणीसाठी वेगळी माणसं तिला आणावी लागली नाहीत. गाव होतंच. चुकाही गावासारख्याच निघाल्या. काही मेल नुसते 'प्रिय उमेदवार' म्हणत. त्यांना ना नाव ना क्रमांक. त्या अनाथ मेलांना अ‍ॅड-ऑन सरळ यादीतल्या पहिल्या माणसाच्या गळ्यात बांधी, आणि यादीतला पहिला माणूस परवाच वारला होता. एका सकाळी मेलवाल्यांनी आपल्या पानाची मांडणी बदलली आणि सगळ्या पट्ट्या गायब झाल्या. निकिता पुन्हा बसली. लिहिलं, मोडलं, लिहिलं. हळूहळू पट्टी शहाणी झाली. पण खरी चूक लिहिण्यात नव्हतीच. ती दाखवली बिजलीबाईने.

बिजलीबाई तांड्यावरची. नवरा पुण्याकडे बांधकामावर; घरात सासू, मोठा दीर बळीराम, त्याची बायको, पोरंसोरं आणि कपाशी. आश्रमशाळेत दहावी झालेली ही बाई एक दिवस एकटीच केंद्रात आली आणि यवतमाळच्या एका मुलींच्या वसतिगृहात पहारेकरीण हवी होती तिथे अर्ज करून गेली. अर्ज भरताना तिने एकदाही 'यायले इचारून सांगतो' म्हटलं नाही. निकिताला ते लक्षात राहिलं.

मुलाखतीचा मेल आला. बाजारात बळीराम दिसला. निकिताने त्याला हाक मारून तारीख, वेळ, पत्ता सगळं नीट सांगितलं. तो म्हणाला, "सांगतो ना." तिने 'कळवलं' दाबलं. पट्टी हिरवी झाली.

पंधरवड्यानंतर बिजलीबाई आली. दारातच उभी राहिली.

"माहं काही आलं का वं?"

"वहिनी, आलतं ना! तुम्ही गेल्या नाई का? हे पाहा, कळवलं म्हणून हिरवं हाय."

"कोणाले कळवलं?"

"बळीरामकाकाले."

बिजलीबाईने पडद्याकडे पाहिलं. मग निकिताकडे. आवाज चढवला नाही.

"मंग त्यायचाच होता का इंटरव्ह्यू?"

एवढं बोलून ती निघून गेली. निकिता हिरव्या पट्टीकडे बघत राहिली. तिने यादी वरपर्यंत सरकवून पाहिली. हिरवं, हिरवं, हिरवं. शेतासारखं हिरवं, आणि आतून कुठे कुठे पोखरलेलं ते कुणाला ठाऊक. काकाला सांगितलं, भाच्याला सांगितलं, टमटमवाल्याला सांगितलं, सगळ्यांवर तिने बटण दाबलं होतं. तिचे वडील बापूजी एसटीत कंडक्टर होते. ते म्हणत, तिकीट माणसाच्या हातात द्यायचं, त्याच्या सामानावर ठेवायचं नाही. आपण नुसतं सामानावर ठेवत आलो, असं तिला वाटलं.

तिने 'कळवलं' हे बटणच उपटून टाकलं. नव्या अ‍ॅड-ऑनमध्ये मेलचा विषय आणि मजकूर दोन्ही झाकलेले. दिसे फक्त लाल पट्टी आणि नाव. उघडायचा तर ज्याचा मेल त्यानेच यायचं. ओळख पटवायला आकडे ठेवून उपयोग नव्हता. आकडे लोक भिंतीवर खडूने लिहून ठेवत. पण चिन्ह पाहून मत टाकायची सवय गावाला जुनी. म्हणून तिने चित्रांचा तक्ता केला: घागर, चूल, शिडी, मोर, छत्री, आरसा, डफडं, एसटी आणि अशीच पुष्कळ. ज्याने त्याने एक चित्र निवडायचं, कुणाला सांगायचं नाही. निवडताना आणि लावताना निकिता तोंड फिरवून रस्त्याकडे बघणार.

पहिल्या चाचणीत फजिती झाली. बाया निवडून गेल्या त्या थेट नळावर, आणि तिथे सगळ्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं. स्टँडवर चहाचं हॉटेल चालवणारी सुखीबाई, जिला सगळे याडी म्हणजे आई म्हणत, ती तर ओरडतच आली, "मी मोर घेतला वं पोरी! माह्या जावंनंही मोरच घेतला, तिले दुसरा दे!"

"याडी, सांगाचं नसते ते!"

"मंग घेऊन काय फायदा?"

सगळ्यांना पुन्हा बोलावून पुन्हा निवडायला लावलं. तेव्हा बिजलीबाईही आली. तक्ता खालपर्यंत पाहिला, वर आली, पुन्हा खाली गेली. निकिता पाठमोरी. बराच वेळ लागला. मग टिक् असा आवाज आला आणि बिजलीबाई म्हणाली, "झालं." जाताना ती काहीतरी लपवल्यासारखी हसत होती.

कापूस वेचणीला आला आणि लाल पट्टी उगवली: बिजलीबाई. काय आलं, नाही म्हणाले की पुन्हा बोलावलं, निकिताला दिसत नव्हतं. तशी तिनेच सोय केली होती.

नेमका त्याच दिवशी बळीराम पीकविम्याचं विचारायला आला. त्याने पडद्यावर नाव पाहिलं.

"आमच्या घरचं काय आलं?"

"घरचं नाई काका, वहिनीचं आलं. त्यायले पाठवा."

"वेचणी चालू हाय. मले सांग, मी सांगतो."

"मांगंही सांगतोच म्हटलं होतं तुम्ही."

केंद्रात बसलेले दोघं-तिघं खाकरले. बळीरामचा चेहरा लाल झाला. "ते माह्या घरातली बाई हाय. तिची मले सारी मालूमात हाय."

इथे निकिताचीही जीभ सुटली. "घ्या मंग, लावा चित्र. सारी मालूमात हाय ना."

त्याने माउस ओढला. चूल लावली. नाही. घागर लावली. नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "बळीरामभाऊ, इळा पाहा, इळा!" त्याने विळाही लावला. नाही. तीन चुका झाल्या की पट्टी दुसऱ्या दिवसापर्यंत बंद व्हायची. ती बंद झाली. लोक हसले. तो उठला तेव्हा खुर्ची मागे पडली.

हसणं ओसरलं तसं निकिताच्या लक्षात आलं, पट्टी बिजलीबाईलाही बंदच होती. आत तारीख उद्याची असली तर? आपल्या तोऱ्यापायी एका बाईचा दिवस गेला, हे तिने स्वतःशी कबूल केलं.

गाळा नानाजींचा. भले गृहस्थ, पांढरे कपडे, हळू बोलणं. संध्याकाळच्या आत ते आले. बळीराम त्यांच्याकडे आधीच जाऊन आला होता हे सांगावं लागलं नाही.

"पोरी, घरच्या मानसाले सांगितलं त काय बिघडते? गाव असंच चालते."

"गाव चालते नानाजी, बाया तठीच राह्यतात."

"लय बोलतं तू. ते मोर-घागरीचं काढून टाक. पह्यलं होतं तसं ठेव. नाईतर गाळा मले दुसऱ्याले द्याचा हाय."

निकिताने क्षणभर गाळ्याकडे पाहिलं. पत्र्याचं शटर, भिंतीवर दरपत्रक, बापूजींनी स्वतः ठोकलेली फळी. मग तिने प्रिंटरची वायर काढली आणि वळकटी करायला लागली.

"आता लगेच कोन म्हनते जा म्हनून?" नानाजी गोंधळले.

"तुम्ही सांगितलं, मले कळलं. मधात कोणी नसलं की कसं लवकर समजते पाहा."

लॅपटॉप आणि प्रिंटर सुखीबाईच्या हॉटेलातल्या एका बाकावर गेले. सुखीबाईने भज्यांची परात सरकवून जागा केली आणि विचारलं, "काय भाडं देशीन?" मग स्वतःच म्हणाली, "माहा मोर बदलून देल्ला ना तू, बस."

तिथे बसून निकिताच्या मनात आलं ते आलंच. अ‍ॅड-ऑन बंद करायला एक खटका पुरे होता. खटका दाबायचा, मेल बघायचा, तारीख उद्याची असली तर स्कूटीवर तांडा गाठायचा. कुणाला कळलं नसतं. चांगल्याच कामासाठी होतं. तिचं बोट त्या खटक्यापर्यंत गेलं. बळीरामलाही, त्याच्या मते, घराचं चांगलंच करायचं होतं. तिने बोट मागे घेतलं आणि स्वतःचाच राग आल्यासारखा लॅपटॉप मिटला.

त्याऐवजी तिने टमटमची वाट बघणाऱ्या एकेका बाईला गाठलं. तांड्याच्या, तांड्यापलीकडच्या, जी भेटेल तिला.

"बिजलीवहिनीले सांगजा, तुहं आलं, उद्या सकाळी ये."

"काय आलं?"

"मले माहीत नाई."

"खरंच नाई?"

"खरंच नाई. आलं, एवढंच सांगजा."

निरोप गेला तो तोंडोतोंडीच, नेहमीच्या वाटेने; पण या खेपेला त्यात गिळून टाकण्यासारखं काही नव्हतं. आणि तो एवढ्या तोंडांतून गेला की एका माणसाला तो दाबता येणार नव्हता. कपाशीच्या एका ओळीतून दुसऱ्या ओळीत, बांधावरून विहिरीवर.

सकाळी बिजलीबाई आली ती वेचणीचा पालव कमरेला बांधलेलाच. पालवात कापूस होता, तो रिकामा करायलाही थांबली नव्हती. तिच्या मागे, थोड्या अंतरावर, बळीराम. तो हॉटेलाच्या खांबाला टेकून उभा राहिला. बाकावरच्या लोकांनी चहाचे घोट लांबवले.

निकिताने लॅपटॉप तिच्याकडे वळवला आणि रस्त्याकडे तोंड केलं. समोर नेरची एसटी लागली होती, कंडक्टर पायरीवर उभा राहून ओरडत होता. मग टिक्.

बिजलीबाई वाचत होती. ओठांत, एकेक शब्द धरून. निकिता वळली नाही. पहिल्यांदा बोलावलेल्यांपैकी काहीजणी आल्या नव्हत्या, म्हणून मुलाखत पुन्हा ठेवली होती. हे तिला बिजलीबाईच्या तोंडूनच कळलं, आणि बाकी सगळ्यांनाही.

"सोमवारी बलावलं," बिजलीबाई म्हणाली.

"काय आलं?" खांबापासून बळीरामने विचारलं.

बिजलीबाईने पालवाची गाठ घट्ट केली.

"निकिता, छापून दे. दोन काढ."

"दोन कायले वहिनी?"

"एक माहा." तिने प्रिंटरमधून निघालेला दुसरा कागद उचलला, खांबापर्यंत चालत गेली आणि बळीरामच्या हातात ठेवला. "हे तुमचं. सांगाचं असंन त मी सांगन. सोमवारी मी नाई घरी. वेचनीले मानूस पाहून ठेवा."

बळीराम कागदाकडे बघत राहिला. त्याला वाचता येत होतं, तरी तो वाचत नव्हता.

बिजलीबाई तशीच रस्ता ओलांडून गेली. सुखीबाई भज्यांतून मान वर काढून कुजबुजली, "ए पोरी, चित्र कोनतं होतं वं तिचं?"

"मले काय माहीत," निकिता म्हणाली आणि पुढच्या लाल पट्टीवरचं नाव मोठ्याने पुकारलं.