गॅसवर भाकरी फुगेल असा फ्लॅट

आधी माफी मागतो. लिहिण्याचा माझा काही अधिकार नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही, आणि मी विमान अजून जवळून पाहिलेलं नाही. तरी दुबईत राहायला परवडणारा फ्लॅट कसा निवडला, याबद्दल लिहायला बसलो आहे. हसू आलं तर हसा. मला मात्र त्या दिवसांत हसू आलं नव्हतं.

गेवराईत मी ज्यांच्या घरी राहायचो त्यांना सगळे दादा म्हणत. गोदावरीची वाळू वाहणारे टिप्पर त्यांचे. माझे वडील मेंढपाळ, दरवर्षी दादांच्या रानात मेंढरं बसवायचे. त्या ओळखीवर मला त्यांच्या गच्चीवरची खोली मिळाली. बदल्यात मी त्यांची कम्प्युटरवरची कामं करायचो. दादा मला नावानं हाक मारत नसत. "ए कॉलेज" म्हणत.

दादांचा हात पटकन सुटायचा. हे मी सौम्य करून लिहितो आहे. ते ड्रायव्हरांना मारत, कुत्र्याला मारत, वहिनींना मारत. मूलबाळ नव्हतं, तेही मारण्याचं एक कारण होतं. वहिनींच्या डाव्या कानाला कमी ऐकू यायचं. त्या समोरच्याकडे उजवी बाजू करून बसत, आणि नवख्याला वाटे की त्या मान वळवून लाजताहेत.

दिवाळीत दुबईला जायचं दादांनी ठरवलं, कारण धंद्यातले सगळे जाऊन आले होते. ते हॉटेल म्हणाले. वहिनी म्हणाल्या, हॉटेलचं खाऊन तुमची छाती जळते, स्वयंपाकघर असलेला फ्लॅट घेऊ. दादांनी ते ऐकलं, कारण छाती खरंच जळायची. शोधायचं काम माझ्याकडे आलं.

मी मनापासून शिकलो. फोटोत खोली मोठी दिसावी म्हणून कोपऱ्यातून काढतात, हे मला कळलं. चांगले अभिप्राय सोडून रागानं लिहिलेले आधी वाचायचे, खरी माहिती तिथं असते. सफाईचे पैसे शेवटच्या पानावर लावतात. हे सगळं मी अंगणातल्या टेबलावर बसून करत होतो, कारण रेंज तिथंच यायची.

त्याच अंगणात त्या आठवड्यात दादांनी एका ड्रायव्हरला मारलं. महसूलच्या पथकानं नदीच्या रस्त्यावर हात दाखवला आणि यानं टिप्पर थांबवला, हा त्याचा गुन्हा. दादांच्या हातात चाक खोलायची लोखंडी टॉमी होती. ते विचारत होते, "थांबला कावून?" दरवेळी तेवढंच. त्याला उत्तर देता येत नव्हतं, कारण तोंड रक्तानं भरलं होतं. मग दादांनी त्याचा उजवा हात पायरीवर ठेवायला लावला. बोटं मोडल्याचा आवाज तुरीची वाळलेली काडी मोडल्यासारखा येतो. मी स्क्रीनकडे बघत राहिलो. तिथं पांढरी चादर होती आणि खिडकीत समुद्र होता.

काम झाल्यावर दादा माझ्यामागे येऊन उभे राहिले. धापा टाकत म्हणाले, "बाथरूम दाव." मी दाखवलं. त्यांनी फोटो मोठा करायला काचेवर बोटं टेकवली. टबावर दोन लाल ठसे उमटले. त्यांनी सदऱ्याला बोटं पुसली आणि टब लहान आहे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दादा नदीवर गेल्यावर वहिनी टेबलाजवळ आल्या. त्यांनी अटी सांगितल्या. स्वयंपाकघर पाहिजे, हे मला माहीत होतं. पण इमारतीच्या खाली किराणा दुकान नको, हे ऐकून मी चक्रावलो. सगळी दुनिया दुकान खाली शोधते. मग त्यांनी माझा फोन मागितला, कारण त्यांचा फोन दादा रोज तपासत. एक नंबर पाठ होता, तो लावला. थोड्या वेळानं माझ्या फोनवर दुबईच्या नकाशातला एक ठिपका आला. वहिनी म्हणाल्या, याच्या जवळचा बघ.

तो त्यांचा भाऊ होता.

त्यांचं माहेर नदीकाठचं. भावानं गावातली पोरं घेऊन घाटावर दादांचे टिप्पर अडवले होते. वहिनी तेव्हा माहेरीच होत्या. दादांनी माणसं नेली आणि स्वतःही गेले. भावाला घाटाच्या दगडांवर पालथं पाडून त्याच्या पाठीवर उभे राहिले. वहिनी मध्ये पडल्या. कान तेव्हाच गेला. भाऊ वाचला, महिनोन्‌महिने अंथरुणावर होता, मग आखातात गेला. दादांना वाटे मस्कतला आहे. घाटावरून घरी आल्यावर दादांनी वहिनींना एकच सांगितलं, तुला भाऊ नाही, मेला तो.

ज्या बाईला भाऊ नसतो ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. आधीच्या वर्षी मी माझ्या खोलीच्या दारातून ते पाहिलं होतं. बीजेची कोर लवकर मावळते, म्हणून त्या घाईनं गच्चीवर आल्या, ताम्हन फिरवलं आणि अक्षता अंधारात टाकल्या. मला वाटलं होतं त्यांना भाऊ नसेल.

आता त्या म्हणाल्या, "जित्या भावाला सोडून चंद्राला ओवाळते मी, लेकरा. यंदा भाऊबीज तिथंच येती. भाजी आणायला म्हणून जाईन, ओवाळीन अन्‌ येईन. तेवढं चालून जाण्यापुरतं दूर दुकान पाहिजे बघ."

त्यानंतर मी प्रत्येक फ्लॅट त्या ठिपक्याशी ताडून पाहिला. खाडीच्या अलीकडे, जुन्या वस्तीत एक सापडला. लिफ्ट जुनी, समुद्र नाही, पोहायचा तलाव नाही. एकानं रागानं लिहिलं होतं की दुधासाठी चार गल्ल्या चालावं लागतं. दुसऱ्यानं लिहिलं होतं की स्वागतकक्षातला मुलगा फार कडक आहे, कॉरिडॉरमध्ये मोठ्यानं बोललं तरी कॅमेऱ्यात बघून वर येतो. मला दोन्ही तक्रारी आवडल्या. दुसरी का आवडली, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

दादांपुढे मी तीन जागा ठेवल्या. त्यांना अर्थातच टॉवर आवडला. खाली तलाव, दुकान, व्यायामशाळा. जुन्या फ्लॅटवर बोट आपटून ते म्हणाले, "हा डबा कावून दावतो बे?"

मी म्हणालो की टॉवरमध्ये काचेची शेगडी आहे.

"मग?"

"तिच्यावर भाकरी फुगत नाही, दादा. जाळ लागतो. या फ्लॅटमध्ये गॅस आहे."

मग त्यांनी माझी मान मागून धरली. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात होत्या, त्यांच्या हातात पिठाची परात होती. दादांनी विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं? हिनं?"

मी नाही म्हणालो. त्यांनी माझं तोंड टेबलावर आपटलं. माझा ओठ दातात सापडला आणि फाटला. त्यांनी पुन्हा विचारलं. मला भीती वाटत होती की वहिनी बोलतील, मला वाचवायला खरं सांगतील. म्हणून मीच बोलत राहिलो. म्हणालो, माझी आई रानात तीन दगडांच्या चुलीवर करते, मी लहानपणापासून बघतोय, भाकरी जाळाकडे तोंड करून उभी करावी लागते, काचेवर ती उभी कशी करणार. रक्त कीबोर्डवर पडत होतं आणि मी भाकरीबद्दल बोलत होतो.

मानेवरचा हात हळूहळू सैल झाला. दादांना काहीतरी आठवलं होतं. पुण्यात एका मित्राकडे तसली भाकरी खाल्ली होती, चपलेच्या कातड्यासारखी, असं ते म्हणाले. मग त्यांनी शेगडीचा फोटो मागितला. मोठा करून, डोळे बारीक करून पाहिला. लोखंडी जाळी होती, बर्नर होते.

"कर बुक," ते म्हणाले. "तोंड धू आधी."

त्या ड्रायव्हरनंच त्यांना विमानतळावर सोडलं. उजव्या हाताला प्लास्टर होतं, तरी दादांनी त्यालाच गाडी चालवायला लावली. गिअर टाकताना स्टिअरिंगचा भार त्या मोडक्या हातावर यायचा, आणि तो कळवळला की दादा मागून डोक्यात टपली मारत, असं त्यानं परत आल्यावर सांगितलं. वहिनींच्या बॅगेत ताम्हन होतं. दादांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, पाडव्याला तुम्हाला ओवाळायला नको का?

भाऊबीजेच्या संध्याकाळी मी गच्चीवर गेलो. कोर दिसली, मावळली. खाली ड्रायव्हर पायरीवर बसला होता, ज्या पायरीवर त्याचा हात ठेवला होता त्याच. मी त्याला ठिपक्याबद्दल काही सांगितलं नव्हतं, पण त्यानं माझ्या फाटलेल्या ओठाकडे बघून विचारलं, "काय केलंस बे तू?" मी सांगितलं. त्यानं प्लास्टरचा हात मांडीवर घेतला. मग म्हणाला, "तुला कॉलेजात हेच शिकवत्यात व्हय." आणि तो हसला तेव्हा दिसलं, त्याचे समोरचे दात नव्हते.

दुसऱ्या दिवशी फोन नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी पेट्रोल पंपावर बोलणं सुरू झालं. दादांनी त्यांच्या ओळखीच्या इथल्या पुढाऱ्याला परदेशातून फोन केला म्हणे. कुणी म्हणालं, दादांना झटका आला. कुणी म्हणालं, दादांनी तिथं माणूस मारला. ड्रायव्हर ते सांगायला धावत आला, आणि मी फोनमधला तो नकाशा पुन्हा उघडला. फ्लॅट मी निवडला होता. तो ठिपक्याजवळचा होता.

दुपारी माझ्या फोनवर लांबलचक नंबर आला. वहिनी होत्या. मी काही विचारायच्या आत त्या सांगत गेल्या, ठिकठिकाणी थांबत, जशा त्या जात्यावर ओवी म्हणताना थांबत असतील तशा.

भाऊ कामगारांच्या खोलीत राहायचा, तिथं बायकांना मनाई, आणि रस्त्यावर वारा होता, ज्योत टिकेना. म्हणून त्यांनी भावाला इमारतीत आणलं, कॉरिडॉरमध्ये पाट म्हणून वर्तमानपत्र अंथरलं. निरांजन लावलं तेवढ्यात लिफ्टमधून दादा आले. वहिनींना वाटलं झोपलेत, पण ते तंबाखू संपली म्हणून उठून खाली शोधायला गेले होते. दादांनी ताम्हनच उचललं आणि भावाच्या तोंडावर हाणलं. मग त्याला भिंतीवर आपटलं, पाडलं, आणि घाटावर उभे राहिले होते तसेच पाठीवर उभे राहिले. दार उघडून लोक बघत होते तरी थांबले नाहीत. गेवराईत लोक बघतात तेव्हा दार लावून घेतात. स्वागतकक्षातला मुलगा वर आला, दादांनी त्यालाही मारलं. त्यानं कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं आणि पोलीस बोलावले. दादा पोलिसांना म्हणाले, थांबा, साहेबांशी बोलणं करून देतो. त्यांनी इकडच्या पुढाऱ्याला फोन लावला आणि फोन त्या पोलिसापुढे धरला. पोलिसानं तो घेतला, बंद केला, आणि दादांच्या हातात बेड्या घातल्या.

मी विचारलं, भाऊ?

"हाय," वहिनी म्हणाल्या. "भुवईला टाके पडलेत, दोन फासळ्या गेल्यात. दवाखान्यातून आणला तवा सांज सरली होती. कुंकू लावायला कपाळावर जागा शोधावी लागली रे. पण ओवाळला."

मागे भांड्याचा आवाज येत होता, आणि कुणीतरी पुरुष हळू खोकत होता.

"यांना पोलिसांनी ठेवून घेतलंय तिकडं. कधी सोडत्यात म्हाईत न्हाई. मी न्हाई येत आत्ताच," त्या म्हणाल्या. "आमी दोघं बसून जेवलो. तुझा गॅस चांगला हाय लेकरा. भाकरी फुगली."