अमावस्येला चाललेला माग

मागाखालच्या खड्ड्यात तुटके धागे साचतात. रोज झाडा, आठवड्यानं पुन्हा पायात गुंता. वडगावातल्या आमच्या मागघरातले किस्से तसेच. इंग्रज असतानाचे आहेत, पण अजून पायात येतात. माग तीन. एक मालक आप्पांचा, दुसरा माझ्या थोरल्या भावाचा, म्हणजे अण्णाचा, तिसरा माझा. गल्लीत थापाड्या म्हणून माझं नाव, आणि माझ्या थापा पकडायचं काम अण्णाचं.

*

एकदा मी सांगितलं, मी विणलेलं लुगडं इतकं तलम, की वाळत घातलं ते उडून पार सांबरा गावातल्या देवळावर जाऊन बसलं. आप्पा हसून वाकले. अण्णा हसला नाही. हातातला धाग्याचा धोटा तसाच धरून जवळ आला आणि हळूच म्हणाला, "हे तुला कुणी सांगितलं? त्यांनी तर फकस्त मला सांगितलं होतं."

मी हसतच होतो. जरा उशिरा थांबलो.

*

मग अण्णा अंघोळ टाळू लागला. बोलता बोलता मध्येच गप्प व्हायचा. पिरनवाडीची माणसं माझ्या मनातलं ऐकतात, म्हणायचा. जेवणात विष असेल म्हणून वहिनीनं आधी खाल्ल्याशिवाय ताटाला हात लावेना.

वहिनी म्हणाली, "लग्नात माझ्या हातचा एक घास खायाला हे लई लाजलं होतं. आता रोज माझं उष्टंच लागतंय." आम्ही हसलो. ती चुलीकडं तोंड करून बसली, ती बराच वेळ वळली नाही.

*

आप्पांनी देवऋषी आणला. तो घुमला, अंगारा लावला, करणी आहे म्हणाला. अण्णानं शांतपणे विचारलं, "त्यांचा आवाज तुमाला बी येतोय?"

"येतोय तर!"

"मग सांगा की त्यास्नी, एका येळी एकानंच बोलावं."

देवऋषी नारळ न घेताच गेला.

*

शेवटी लष्करी कॅम्पातले डॉक्टर. त्यांनी खोदून खोदून विचारलं. आवाज कधीपासून येतात? डोक्याला मार? गांजा? घरात आणखी कुणाला असलं काही? मी ठोकून दिलं, "कुणालाच न्हाय."

डॉक्टरांनी आजाराचं इंग्रजी नाव लिहून दिलं, स्किझोफ्रेनिया. आप्पा म्हणाले, "एवढ्या लांबीत एक लुगडं निघंल." डॉक्टर हसले नाहीत. हा मेंदूचा आजार, म्हणाले. करणी नाही, त्याचा दोषही नाही. खात्रीचं औषध अजून निघालेलं नाही. वाद घालू नका, टोचून बोलू नका, जमेल तेवढं काम करू द्या. नाहीच झेपलं, तर वेड्यांचं इस्पितळ.

दारातून मी परत फिरलो. आमचा निपाणीचा मामा तंबाखूच्या रोपांशी भांडत भांडत एक दिवस निघून गेला तो आलाच नाही, हे सांगून टाकलं.

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "तुझं वय?"

"पंचवीस."

"रक्तात असलं म्हणजे येतंच, असं नाही."

येतच नाही, असं का म्हणाले नाहीत, हे मला घरी पोचल्यावर सुचलं.

*

तेव्हापासून बाहेर बोहारीण ओरडली तरी मी वहिनीला विचारायचो, "तुमालाबी ऐकू आलं न्हवं?" एकदा ती सरळ "न्हाय" म्हणाली. मी बोहारणीला बघायला दारात धावलो. मग ती म्हणाली, "इतक्या थापा मारल्या भावजी, एक आमची बी घ्या."

*

अण्णानंच एकदा सांगितलं, माग चालला की डोक्यात बोलणारी ती माणसं दबतात. थांबला की सगळी एकदम बोलतात. त्या दिवसापासून आप्पांनी ठरवलं, तिन्ही माग एका वेळी थांबवायचे नाहीत. भाकरीसुद्धा आळीपाळीनं. अण्णा पुन्हा थोडं विणू लागला.

पण अमावस्येला विणकर मागाला हात लावत नाही. अख्खी गल्ली चिडीचूप.

*

गल्लीचे पंच कल्लाप्पा. अण्णाची शेजाऱ्यांकडून आणखी एक तक्रार आली, तर बैलगाडीत घालून इस्पितळात पाठवायचा, असं त्यांनी बजावलं होतं. त्यानंतरच्या अमावस्येला भर दुपारी अण्णा डोकं गुडघ्यात घालून, कान दाबून, गदागदा हलत बसला होता. वहिनीनं माझ्याकडं नुसतं बघितलं. मी मागावर बसलो आणि धोटा फेकायला लागलो. खटाखट, खटाखट. आवाज पार कोपऱ्यापर्यंत.

हळूहळू अण्णाचे हात खाली आले.

तेवढ्यात दारात कल्लाप्पा, मागं चार माणसं. अमावस्येला माग कुणी लावला, म्हणून कडाडले. आणि मी, गल्लीतला नामांकित थापाड्या, मला एक थाप सुचेना. हात तेवढे थांबवले नाहीत.

अण्णा उठला. कल्लाप्पांचा हात धरून त्यांना बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात म्हणाला,

"काका, रागावू नगासा. धाकट्याला कसलं कसलं आवाज ऐकू येत्यात. माग चालला की त्याला बरं वाटतंय. म्हणून तर मी बसलोय त्याच्यापाशी."