विशूची गाडी विकणे आहे

किस्से काही कोणी मुद्दाम जमवत नाही. घरात रिकामी पोती साचतात ना, तसे ते साचतात. एक दिवस कोपरा झाडायले घ्यावा तं पाय ठेवायले जागा नाही! या एका गाडीचेच इतके झाले, की शेजारणी भाजी निवडायले येतात अन् म्हणतात, "आजी, तो वकिलाचा सांगा."

तर ऐका. आटपाट नगर नव्हतं, आपलं मूर्तिजापूर होतं. तिथं एक मधुकर राहत होता, तो माझा लेक. त्याची बायको सुनंदा, त्यांचा एकुलता एक विशू, अन् मी. पाचवी ती गाडी, विशूची मोटरसायकल. उंच, सडपातळ, बकरीसारखी. एकच सिलिंडर, पण डांबरावर पळे तशीच ढेकळातही पळे. विशूले ती घेऊन पहाडात जायचं होतं, लोकांले फिरवायचा धंदा करायचा होता. मधूले वाटे, त्यानं शेती पाहावी. एका सकाळी बापलेकाची जुंपली. मधू ओरडला, "जा! पण गाडीले हात लावू नको. पायी जा!"

गेला. खांद्यावर पिशवी, गळ्यात निळा रुमाल. मग ना फोन, ना निरोप. दोन दिवाळ्या गेल्या.

अंगणातली गाडी मधूले डोळ्यापुढं नको झाली. त्यानं मोबाइलवर तिचा फोटो टाकला: विकणे आहे. सुनंदा मले म्हणे, "आई, गाडीच गेली तं तो कशासाठी येईन?" भेव मलेही तेच होतं.

*

पहिला आला बडनेऱ्याचा मास्तर. अमरावतीले राजापेठेत ट्यूशन क्लास घ्यायचा. बुटका! गाडीवर बसला तं पाय लोंबकळले. पण हौस मोठी. निघताना मी हेडलाइटले हळदकुंकू लावलं अन् म्हटलं, "ये बरं." घरातून निघणाऱ्याले आपण दुसरं काय म्हणतो?

आठ दिवसांत मास्तर वापस.

"आजी, गाडी उत्तम आहे हो, पण हँडल ओढतं. मी घरून राजापेठेत जायला निघतो, अन् ही वळते तुमच्याकडं!"

"मग मेकॅनिकले दाखवा ना, सर."

"दाखवली! तो म्हणाला, वहम आहे तुमचा. ट्रायलला घेऊन गेला, अन् मग त्याचा फोन आला. कुठून? मूर्तिजापूरहून!"

*

दुसरा बार्शीटाकळीचा शेतकरी. बांधावरून, चिखलातून जायले त्याले अशीच हलकी गाडी पाहिजे होती. नेली. मी म्हटलं, "ये बरं."

थोड्याच दिवसांत नवराबायको दारात. तो गाडीवर, अन् बायको एसटीनं!

"अव माय, वेगवेगळे काहून आले?"

बायको फणकाऱ्यानं बोलली, "मागं बसायले जागा असन तं बसीन ना! एक पोट्टा बसून राहते तिथं. सरक म्हटलं तं सरकत नाही!"

नवरा ओशाळून हसला. "मले तं कोणी दिसत नाही बाप्पा. पण गावातले कुत्रे मागच्या सीटकडं पाहून शेपटी हलवतात."

सुनंदानं हळूच विचारलं, "कसा आहे पोट्टा?"

"वाळलेला. गळ्यात निळा रुमाल."

रुमालाचं आम्ही कोणाले बोललो नव्हतो. आता विशू या जगात आहे का नाही, हाच प्रश्न आमच्या तिघांच्याही तोंडावर आला. सुनंदानं त्या बाईले एवढंच विचारलं, "जेवलेला वाटत होता का वो?"

*

मग अकोल्याचा वकील. गोष्टी कानावर गेल्या होत्या त्याच्या. म्हणे, "मी पुरावा मानतो, भुताखेतांना नाही." ट्रायलले निघाला. मी म्हटलं, "ये बरं."

घंटाभरानं घामाघूम होऊन पायी आला. शकुंतला रेल्वेच्या जुन्या रुळांजवळ चहा प्यायले थांबला होता, तेवढ्यात गाडी गायब!

"चोरी झाली! किल्ली माझ्या खिशात आहे, तरी चोरी झाली!"

मधूनं अंगणात बोट दाखवलं. गाडी स्टँडवर उभी होती. सायलेन्सर गार, हेडलाइटवर माझं कुंकू.

"वकीलसाहेब," मधू म्हणाला, "केस कोणावर करता?"

*

शेवटी मधू चिडला. त्यानं अकोल्याच्या सलीमभाईले बोलावलं. हा गाड्या फोडून पार्ट विकणारा.

"अम्मा, फिकर नको. नट अलग, बोल्ट अलग. मग कोण वापस येते?"

भरदुपारी त्यानं गाडी टेम्पोत चढवली, जाड दोरानं कसून बांधली. मी हळदकुंकवाची कोयरी घेऊन गेली, तं मधू आडवा आला.

"आई, दरवेळी तू तिले 'ये बरं' म्हणते, म्हणून ती येते. यावेळी 'जा' म्हण."

"जा म्हणायचं या घरात एकदा झालं, मधू."

तो बाजूले झाला. मी टेम्पोत हात घालून कुंकू लावलं अन् म्हटलं, "ये बरं. अन् येताना एकटी येऊ नको."

टेम्पो गेला. ऊन डोक्यावर, गल्लीत चिटपाखरू नाही. सुनंदा कणीक भिजवत होती. मी दारातच बसली होती. तेवढ्यात आमचा कुत्रा उठला अन् रिकाम्या रस्त्याकडं पाहून शेपटी हलवायले लागला. मग आवाज आला. एका सिलिंडरचा, ओळखीचा.

गाडी अंगणात येऊन थांबली. वर विशू. वाळलेला, काळवंडलेला. निळ्या रुमालाचा रंग उडालेला.

सुनंदा कणकीच्या हातानंच धावली. "कुठं होता रे?"

"पहाडात. आता रेल्वेतून उतरलो तं स्टेशनबाहेर ही उभी, किल्ली लावलेली! मले वाटलं, बाबांनी पाठवली."

मधू हेडलाइटवरचं ताजं कुंकू पाहत होता.

"अन् आई, तिथं रोज सपनात मी हिच्या मागच्या सीटवर बसून राहत होतो. कोण चालवे ते दिसत नव्हतं. पण एकदा एक अनोळखी बाई आली अन् मले म्हणे, सरक!"

तेवढ्यात मधूचा फोन वाजला. सलीमभाई इतक्या जोरात बोलत होता, की मले दारापर्यंत ऐकू आलं.

"मधुकरभाऊ, टेम्पो अकोल्यात पोचला. दोर तसाच कसलेला आहे, गाठी तशाच आहेत. गाडी नाही!"

मधूनं फोन खाली ठेवला. विशू अजून गाडीवरच बसून होता, उतरू का नको अशा तोंडानं.

मधू म्हणाला, "ये."