ठमी विकली

कपडे दुरुस्तीच्या दुकानात तिला सगळे सावकाशबाई म्हणत. नाव मालकाने ठेवलं आणि गिऱ्हाइकांनी उचलून धरलं. पँट आखूड करायची असो की कोटाचं अस्तर बदलायचं, ती टाका उसवायची तोही जपून, आणि काउंटरपलीकडून दिवसभर एकच प्रश्न यायचा, "कधी मिळेल?" काम मात्र असं चोख, की कुरकुरत गेलेलं गिऱ्हाईक पुन्हा तिच्याकडेच येई.

घरी आली की ती टीव्हीवर शेतीचा व्हिडिओ खेळ लावायची. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, तेव्हा तिचा हा खेळ मागे राहिला होता. इतक्या महिन्यांत हिने पिकवलं काय, तर मुळ्याचे चार वाफे! कुंपण अर्धवट, आणि जोडीला एक कोंबडी, ठमी. खेळातला व्यापारी रोज नवी यंत्रं घेऊन दारात यायचा आणि ती रोज त्याला 'नंतर' म्हणायची. झारीने एकेका रोपाला पाणी घालायचं, मग तळ्याकाठी नुसतं उभं राहायचं. ठमी मनात आलं तर अंडं द्यायची. तिथे कुणी 'कधी' विचारत नव्हतं, आणि तेवढंच तिला हवं होतं.

नवरा बसडेपोत वेळापत्रक सांभाळायचा. तो नुकताच निवृत्त झाला होता. जन्मभर गाड्या वेळेवर सोडलेल्या माणसाला घर खायला उठलं. आधी त्याने स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, मग चपला मापाप्रमाणे लावल्या. मग त्याला हा खेळ सापडला.

"डोळे मीट," एका संध्याकाळी तो म्हणाला.

तिने डोळे उघडले तर पडद्यावर भलतंच काही. पन्नास-साठ वाफे, आपोआप उडणारं पाणी, लाल छपराचं गोदाम, धावणारा ट्रॅक्टर. चुकून दुसऱ्याच्या घरात शिरावं तशी ती गडबडली.

"हे कुणाचं?"

"अगं, तुझंच! आज सकाळपासून खपलो. आता तुला बोटसुद्धा हलवायला नको."

बोट हलवायला नको, तर मग करायचं काय? तिला कळेना. सगळं वाढलंय, कमी काहीच झालेलं नाही, तरी काहीतरी लुटलं गेल्यासारखं का वाटतंय? चांगल्या मनाने केलंय बिचाऱ्याने. आभार मानावेत की भांडावं? तिने सबंध शेताला फेरी मारली. खुराड्यात वीस पांढऱ्या कोंबड्या होत्या.

"ठमी कुठाय?"

"ती तपकिरी? विकली. अंडी कुठे देत होती?"

"विकली? अहो, तिनं तुमचं काय घोडं मारलं होतं?"

"दुसरी आणतो ना! खोटी कोंबडी ती."

खोटी, हेही खरंच होतं. खोट्या कोंबडीसाठी खरं रडू येतं का कुणाला? तिला आलं. वर स्वतःचाच रागही आला, आणि त्या रागात तोंडातून निघून गेलं, "तुम्हीही महिनाभर घरीच बसलाय. मी विकलं का तुम्हाला?"

पडद्यावर ट्रॅक्टर घरघरत होता. तो पडद्याकडे वळला.

"भावही नसता आला," तो हळूच म्हणाला.

हसावं की माफी मागावी, तिला उमगेना. तिने दोन्ही अर्धं अर्धं केलं आणि ते धड काहीच झालं नाही. मग तिने नवं शेत सुरू केलं. दगडधोंडे, तण, एक मोडकी झोपडी. रिमोट त्याच्या हातात दिला.

"ही झारी. एकेका रोपाला घाला."

त्याने पहिल्या रोपाला पाणी घातलं आणि सवयीने तोंड उघडलं, "हे उगवणार क..."

पुढचा शब्द त्याने गिळला, आणि दुसऱ्या रोपाकडे वळला.