खालच्या रानातला चर

पाण्याची माणसं कशी असतात, हे मला लग्न होऊन राहात्याच्या बाजूला आल्यावर कळलं. माझं माहेर पाथर्डीकडचं. तिकडं पाऊस झाला तर झाला, नाहीतर घराला कडी लावून अर्धं गाव ऊसतोडीला. माझ्या वडलांनी मला पाटाखालच्या बागायतदारांत दिली आणि पोरीनं नशीब काढलं म्हणून भेटेल त्याला सांगत सुटले. बिचाऱ्यांनी ते बागायतदार जवळून बघितले नव्हते.

सासऱ्यांचं, म्हणजे मामंजींचं, रान दोन तुकड्यांत होतं. वरचं पाटाला लागून, हलकं, मुरमाड. खालचं ओढ्याच्या अंगाला. खालच्या रानातली माती मी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा खरंच सांगते, मला हेवा वाटला. काळी कुळकुळीत. आमच्याकडं अशी मूठभर माती असती तर लोकांनी देव्हाऱ्यात ठेवली असती. आणि त्या मातीत काय उभं होतं, तर कमरेएवढा पिवळा ऊस, मधेमधे मोकळी टकलं, आणि कडेला चुना सांडल्यासारखं पांढरं. मी थोरल्या जावेला विचारलं, हे काय? ती म्हणाली, "खार फुटलाय." दूध उतू गेलंय, इतक्या सहज म्हणाली.

त्या रानाच्या मधून एक चर होता, वरच्या रानापासून थेट ओढ्यापर्यंत. सरकारनं कधीकाळी खणून दिलेला. पाटाचं पाणी मुरून मुरून खालच्या जमिनीत साठतं, ते या चरातून ओढ्याला निघून जावं, एवढंच त्याचं काम. आणि त्याचं मागणं तरी काय होतं? उन्हाळ्यात आतलं लव्हाळं आणि गाळ काढायचा, दोन्ही काठांना थोडी जागा मोकळी सोडायची. बस. पण मोकळी जागा दिसली की आमच्या थोरल्या दिरांच्या डोळ्यांत कुसळ जायचं. दर वर्षी नांगर थोडा थोडा काठ खायचा. एक सरी वाढली म्हणून आनंद. पुढं काठ ढासळून चरात पडायचा, तो पडू दे. त्यातून कारखाना सुरू झाला की उसाच्या गाड्या सडकेला लागायला वाट हवी, म्हणून सडकेजवळ चरात माती आणि पाचट टाकून तो चक्क बुजवायचा. हंगाम संपल्यावर काढायचा म्हणे. "काढू की," दादा म्हणायचे. दादा म्हणजे हेच थोरले दीर, नवरा म्हणायचा म्हणून मीही मनात दादाच म्हणायची. "काढू की" या दोन शब्दांवर त्या घराचा सगळा कारभार चालायचा.

आणि पाटाच्या पाण्याची पाळी. रानात पाय ठेवला तर पचपच आवाज येतोय, तरी पाळी आली की ही माणसं पाणी घेणारच. मी मालकांना, म्हणजे नवऱ्याला, विचारलं, बुडालेल्या रानाला आणखी पाणी कशाला? ते म्हणाले, "पाळी सोडली तर खालच्यांना जाईल ना." म्हणजे शेजाऱ्याला मिळू नये म्हणून स्वतःचं रान बुडवायचं. मी आधी हसले. मग असा संताप आला की काय सांगू. माझे वडील हंड्याभर पाण्यासाठी कोस कोस चालत होते आणि इथं ही शहाणी माणसं पाण्यानं जमीन नासवत होती. अति तिथं माती म्हणतात. इथं अति झालं आणि मातीच चालली होती.

आमच्या मालकांबद्दलही सांगून टाकते. गाव त्यांना देवमाणूस म्हणायचं. देवमाणूस म्हणजे ज्याच्याकडून काहीही काढून घेता येतं असा माणूस, हे मला उशिरा समजलं.

वाटणी होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मामंजी थकले होते. आमच्यात रीत अशी की थोरल्यानं वाटे घालायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. धाकटे आमचे मालक. मी तेव्हाच मनाशी धरलं की खालचं रान आपलं व्हायला हवं. गावाला ते मेलेलं वाटत होतं, मला वाटत नव्हतं. चर मोकळा झाला तर ती माती पुन्हा जागेवर येणार, एवढं कळायला काही फार अक्कल लागत नाही. पण ती व्हायची तर चर आत्ता निघायला हवा होता. आणखी दोन हंगाम तुंबला असता तर त्या रानात वीट पाडायलाही माती उरली नसती.

त्या हिवाळ्यात दादांनी नेहमीसारखा चर बुजवला. मी मालकांना सांगितलं. मालकांनी दादांना सांगितलं. दादा म्हणाले, काढू की. पाणी मागं तुंबून आमच्या उभ्या उसाच्या बुडाशी आलं. मग एके दिवशी मालक बाजाराला गेलेले बघून मी फावडं आणि टिकाव उचलला आणि निघाले. तो दिवस मी उगीच निवडला नव्हता.

बुजवलेल्या वाटेवर मी घाव घालायला लागले तेव्हा वरच्या रानात गाड्या भरत होत्या. तोडणीची टोळी पाथर्डीकडचीच होती, माझ्याच मुलखातली. मी अर्धी वाट फोडली असेल तोवर भरलेल्या गाड्या खाली येऊन समोर उभ्या राहिल्या. आणि त्यांच्या मागून पांढरंशुभ्र धोतर सावरत दादा.

आता इथली गंमत समजायची तर एक गोष्ट माहीत हवी. धाकट्या भावजयीनं थोरल्या दिराशी बोलायचं नाही. समोर पदर पुढं ओढायचा. त्यांनीही तिच्या जवळ यायचं नाही, तिला हात लावणं तर लांबच. काही सांगायचं झालं तर मधे तिसरं माणूस लागतं. ही रीत दादांनी जन्मभर कडक पाळली होती, कारण तिच्यामुळं धाकटीचं काही ऐकून घ्यावं लागत नव्हतं.

ते बांधावर थांबले, खाकरले. मी पदर ओढला आणि खणत राहिले.

"गाड्या जायच्या हायेत म्हनावं," दादा पहिल्या गाडीच्या म्हाताऱ्या गाडीवानाला म्हणाले.

गाडीवान माझ्याकडं वळला. "बाई, गाड्या जायच्या हायेत म्हनत्यात."

"त्यांना सांगा, पानी जायचं हाय," मी म्हणाले.

"मालक, पानी जायचं हाय म्हनत्यात."

"हंगाम झाला की काढू की."

"कोन्त्या सालचा हंगाम, तेवढं इचारा."

गाडीवानानं चेहरा अजिबात न हलवता तेही विचारलं. मागं तोडणीच्या बाया पदरात तोंड घालून हसायला लागल्या. दादा लाल झाले. दुसरं कुणी असतं तर त्यांनी हातातलं फावडं हिसकावून दोन ठेवून दिल्या असत्या. पण पुढं पाऊल टाकायची सोय नव्हती. "हिच्या नवऱ्याला बोलवा रे," एवढंच ओरडले. नवरा राहात्याच्या बाजारात मिरच्यांचा भाव करत होता.

गाडीवानानं बैल सोडले आणि जूवर टेकला. "बैलांना तेवढाच इसावा," म्हणाला. मग तंबाखू मळत मला विचारलं, "कुठल्या गावची म्हनायची?" मी गाव सांगितलं. "मंग बराबर हाय," म्हणाला आणि तंबाखू तोंडात टाकली.

वाट फुटली तसं पाणी निघालं. काळं, कुबट, डोकं उठेल असा वास. संध्याकाळपर्यंत वाहत होतं. गाड्या पाटाच्या कडेनं लांबचा वळसा घालून सडकेला गेल्या. घरी आत्याबाईंनी, म्हणजे सासूनं, माझ्या सात पिढ्या उद्धारल्या. मामंजी खाली मान घालून जेवले. मालक म्हणाले, "दादाला बरं वाटलं न्हाई." त्यांना स्वतःला काय वाटलं, ते त्यांनी जन्मात कधी सांगितलं नाही. पुढं दादांनी गुपचूप सिमेंटचे नळे आणून त्या जागी टाकले, वर माती केली, आणि गाड्यांची वाट नळ्यांवरून काढली. पारावर बसून सांगत होते, मला हे कधीचं सुचलं होतं.

त्या उन्हाळ्यात मी दोन रोजंदारीच्या बाया घेऊन अख्खा चर साफ केला. लव्हाळं उपटून उपटून बोटं सोलली, हातांना कोपरापर्यंत कुजका वास यायचा. दोन्ही काठांच्या सऱ्या मी मोडून टाकल्या, त्यावरून जाऊ आठवडाभर बोलली नाही. जमीन वाचवायची तर थोडी जमीन सोडावी लागते, घाम गाळावा लागतो आणि घरादाराचं तोंड खावं लागतं. त्यापेक्षा ती मेली तर बरी, असं त्या घराचं मत होतं. मग पाळीचं पाणी रानात सोडलं, आणि या वेळी चरानं ते जाऊ दिलं. खार धुऊन निघाला. सगळा नाही, पण निघाला.

पुढचं साल दुष्काळाचं. पाट आटला. वरच्या मुरमाड रानातला ऊस उभा वाळला. माझ्या माहेरचे सगळे रस्त्यावर खडी फोडायला गेले. आणि आमच्या खालच्या रानात, नुसत्या ओलीवर, शाळू उभा राहिला. कणसं बघायला लोक बांधावर यायचे. दादाही यायचे, कंबरेवर हात ठेवून बघत राहायचे, लोकांना सांगायचे, "आमचं खालचं रान पहिल्यापासूनच जोरकस." मला त्यांची ती नजर तेव्हाच आवडली नव्हती.

वाटणीला पंच बसले ते पुढच्या वर्षी. आधीचे कितीतरी दिवस मी मालकांच्या कानीकपाळी ओरडत होते: खालचं उचला, दुसरं काही बोलू नका. पोराला पाढे पाठ करून घ्यावेत तसं म्हणून घेतलं. ते मान डोलवायचे. मी आणि जाऊ दाराआड उभ्या होतो. दादांनी वाटे घातले, वरचं एक, खालचं एक. पंच म्हणाले, धाकटे, उचला.

आमचे मालक म्हणाले, "दादा, तुमी थोरले. तुमी द्याल ते."

दादांनी उसासा टाकला. जणू कुणी त्यांच्या डोक्यावर ओझं दिलं. "मग तू वरचं घे," म्हणाले. "पाटाला लागून हाय. खालच्या चराचा तरास तुला कशाला?" पंचांनी राम-लक्ष्मणाची जोडी म्हणून कौतुक केलं, चहा प्यायले आणि गेले. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं, आणि वरून सगळे त्या कुत्र्याच्या मोठेपणाचे गोडवे गात होते.

मी रडले. दुःखानं नाही, रागानं. मालक म्हणाले, "भावाभावांत कशाला वाईटपना?" मी त्यांच्याशी बोलणं टाकलं, तर त्यांना ते कळायलाच चार दिवस लागले.

दादांनी पहिल्या वर्षीच काठ नांगरून सऱ्या वाढवल्या. नळ्यांच्या तोंडाशी पाचट अडकलं. काढू की. आमचा बांध वरच्या अंगाला, त्यामुळं मला सगळं रोज दिसायचं. आधी खालच्या कोपऱ्यात पांढरं आलं, मग मधे, मग पसरत वर. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्या मातीची ती दशा बघवायची नाही, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण गावाच्या मते मी जळत होते.

एका उन्हाळ्यात दादा दारात आले. खाकरले नाहीत, तिसरं माणूस शोधलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा सरळ माझ्याशी बोलले.

"चर काढायचा हाय. तू सांगशील तसा काढू."

इतकी वर्षं या माणसाला सुनवायचं म्हणून मी काय काय जुळवून ठेवलं होतं. ऐन वेळी एवढंच आलं.

"वाटनी झाली, दादा."

आत चहा पीत बसलेले आमचे मालक कप खाली ठेवून उठले. "मी येतो, दादा," म्हणाले आणि दोघं भाऊ फावडी घेऊन गेले.

दुपारी मी बांधावर गेले. चर नेहमी खालून, ओढ्याच्या तोंडापासून खणत वर यायचं असतं, म्हणजे सुटलेलं पाणी निघून जातं आणि खणणाऱ्याचे पाय कोरड्यात राहतात. हे दोघं वरून खणत होते. एक फावडं माती काढली की त्या जागी पाणी भरत होतं, काठ त्यांच्या अंगावर ढासळत होता, आणि दोघं मांड्यांपर्यंत चिखलात उभे राहून एकमेकांना धीर देत होते. मालकांनी मला बघितलं. हात वर केला. दादांनीही वळून बघितलं आणि फावडं टेकून थांबले, मी काहीतरी बोलेन म्हणून. बोल अगदी जिभेच्या टोकाशी आला होता. खालून खणा, एवढेच तर दोन शब्द.

मी पदर खोचला, आमच्या मुरमाड रानात बसले आणि खुरपायला लागले.