नुसतं बंद पडणारं मशीन

बंद पडणाऱ्या मशीनशेजारी नोकरी करा, किस्से आपोआप साठतात. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी हुबळीत कोप्पीकर रोडवरच्या एका कॉम्प्युटर सेंटरमध्ये होतो. मालक अण्णा, मूळचे कापडवाले. सगळं काम एका सर्व्हरवर, आणि तो कधीही मान टाकायचा. सर्व्हरवर बसायच्या सुधाक्का. घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालायचं. मशीन थांबलं की अण्णा आधी त्यांच्याकडे बघायचे.

एका अमावास्येला अण्णांनी नव्या गाडीच्या चाकाखाली ठेवतात तसं लिंबू सर्व्हरखाली ठेवलं, नारळ ओवाळला आणि शेजारीच फोडला. पाणी यूपीएसमध्ये! ठपका सुधाक्कांवर, पुसायला उशीर केला म्हणून.

मग बेळगावहून इंजिनिअर आला. दिवसभर व्हायरस शोधला, "एकदम ओके" म्हणाला आणि जिना उतरायला लागला. तो खाली पोचायच्या आत सर्व्हर आडवा. मी वरून हाका मारल्या. साहेबांनी स्कूटरला किक मारली!

शेवटी मीच खोदून काढलं. दोष ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, कर्नलमध्ये होता. इंटरनेटच्या लाइनवरून कुणी टवाळानं मुद्दाम बिघडवलेलं एक पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, पाठवलं, की कर्नल गडबडायचा आणि अख्खं मशीन थिजायचं. ती सिस्टीम बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. तिकडून एकच प्रश्न, डेटा चोरीला गेला का? नाही म्हटलं.

"मग ही सिक्युरिटीची तक्रार नाही. रीस्टार्ट करा."

माझं डोकंच फिरलं. तुमच्या दुकानासमोर कुणी दगडांचा ढीग रचून गिऱ्हाईक अडवलं, तर चोरी झाली नाही म्हणून गप्प बसाल का? इथे एका बाईची नोकरी जायची वेळ आली होती!

कारण तोवर अण्णांनी "तुझ्या हाताला गुण नाही" म्हणत सुधाक्कांना दाराजवळच्या टेबलावर हलवलं होतं. तरी मशीन पडलंच. मी म्हटलं, आता तर त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

अण्णा शांतपणे म्हणाले, "लांबनं बघती की ती."

या माणसाशी काय वाद घालणार? महिनाअखेरीस सुधाक्कांना घरी पाठवणार, हेही त्यांनी सांगून टाकलं.

मग मी ठरवलं, डोळ्यांनीच दाखवायचं. सुधाक्कांना खाली चहाला पाठवलं, त्यांना मशीन दिसायलाच नको. अण्णांना सर्व्हरसमोर खुर्ची दिली. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या कॉम्प्युटरवर बसलो, एकच पॅकेट पाठवतोय म्हणून सांगितलं आणि बटण दाबलं. सर्व्हर जागच्या जागी गार.

अण्णांनी थिजलेल्या स्क्रीनवर दोनदा टिचकी मारली. मग उठले आणि खिडकीतून खाली हाक मारली, "सुधा, वर ये गं. तुझी नोकरी कुठं जात नाही."

मला इतकं हायसं वाटलं, की मी खुर्चीत मागे रेललो.

अण्णा माझ्याकडे वळले.

"म्हंजे इतके दिवस तूच पाडत होतास की रे!"